भूकंपलेखनातील विद्युत् दाब-लाभ : कोयनानगर

भूकंपामुळे जमिनीला बसणारे अतिसूक्ष्म हेलकावे वाचता येतील इतके मोठे करण्यासाठी जी इलेक्ट्रॉनीय मंडले वापरतात, त्यांच्या प्रदान (बाहेर पडणाऱ्या) विद्युत् दाबाचे आदान (आत येणाऱ्या) विद्युत् दाबाशी असलेले गुणोत्तर म्हणजे त्या मंडलाचा दाब-लाभ होय. रेडिओसारख्या उपकरणात लाभ कमीजास्त झाला, तर आवाज लहानमोठा होतो आणि ऐकणारा खुंटी फिरवून तो हवा तसा करून घेतो. भूकंपलेखकात मात्र हा लाभ मोजमापाचाच एक भाग असतो. तो नेमका माहीत नसेल, तर कागदावरच्या आलेखावरून जमीन किती हलली हे सांगता येत नाही. या विषयाचा इतिहास पाहण्यास सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर हे विशेष सोयीचे स्थळ आहे. १९६२ नंतर येथे अगदी क्षीण धक्क्यांपासून ६·३ महत्तेच्या (मॅग्निट्यूडच्या) विनाशक भूकंपापर्यंत सर्व प्रकारचे धक्के एकाच लहान क्षेत्रात बसले. त्यामुळे लहान धक्के दिसावेत म्हणून लाभ वाढवावा, की मोठा धक्का हातचा जाऊ नये म्हणून तो कमी ठेवावा, हा प्रश्न येथे वारंवार उभा राहिला.

इलेक्ट्रॉनीय पूर्वकाल : भूकंपाचे विवर्धन प्रथम तरफांनी व नंतर प्रकाशकिरणांनी केले जात असे. १८९७ च्या आसामातील महाभूकंपानंतर भारतात कलकत्त्याजवळील अलीपूर, मुंबईतील कुलाबा व कोडईकानल येथे १८९८–९९ च्या सुमारास भूकंपलेखक बसविण्यात आले. त्या काळी जॉन मिल्न यांच्या धाटणीची जी उपकरणे सर्वत्र वापरली जात, त्यांचे विवर्धन जेमतेम सहा-सात पट असे. दूरच्या मोठ्या भूकंपांच्या लांब तरंगांसाठी ते पुरेसे होते. सु. २०० कि.मी. अंतरावरील सह्याद्रीत एखादा लहानसा धक्का बसला असता, तर मात्र कुलाब्याच्या अशा उपकरणावर त्याची काही निशाणी उमटण्याचा संभव नव्हता. ही गोष्ट पुढे कोयनेच्या वादात महत्त्वाची ठरली.

रशियन शास्त्रज्ञ गलीत्सिन यांनी १९०६ च्या सुमारास लंबकाला तारेचे वेटोळे जोडून ते चुंबकाच्या क्षेत्रात हलविले. वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाह संवेदनशील गॅल्व्हानोमीटरकडे नेला आणि त्याच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश छायाचित्रण कागदावर पाडला. जमिनीच्या हालचालीचे विद्युत् संकेतात रूपांतर करण्याची ही पहिली यशस्वी रीत होय. विवर्धन यामुळे हजाराच्या घरात गेले. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी १९३० च्या सुमारास याच तत्त्वावर लघुकाल भूकंपमापक तयार केला व शांत जागी विवर्धन लाखाच्या घरात नेणे शक्य झाले. या सर्व मांडणीत विवर्धक असा कोठेच नव्हता. लंबकाने जी ऊर्जा दिली तीच गॅल्व्हानोमीटरने वापरली. उरलेले काम लांब प्रकाशतरफेचे होते.

१९६० नंतर अमेरिकेच्या पुढाकाराने उभारलेल्या प्रमाणित जागतिक भूकंपलेखन जाळ्यात दिल्ली, शिलाँग, पुणे व कोडईकानल ही भारतीय केंद्रे होती. ट्रँझिस्टर उपलब्ध होऊन तोवर एक तप उलटले होते. तरीही या जाळ्यातील उपकरणांत वेटोळे, गॅल्व्हानोमीटर व छायाचित्रण कागद हीच जुनी साखळी ठेवण्यात आली. आजच्या वाचकाला हा पुराणमतवाद वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अतिशय शहाणपणाचा निर्णय होता, कारण या साखळीचे विवर्धन महिनोन् महिने बदलत नाही आणि वेटोळ्यातून ज्ञात प्रवाहाचा ठोका सोडून ते रोजच्या रोज तपासता येते. त्या काळच्या विवर्धकांविषयी अशी खात्री देता आली नसती.

कोयना प्रकल्प व पहिले धक्के : कोयना धरणाचे बांधकाम १९५४ च्या सुमारास सुरू झाले. सु. १०३ मी. उंचीच्या या धरणामागे शिवाजीसागर जलाशयात पाणी साठण्यास १९६१–६२ मध्ये प्रारंभ झाला. १९६२ पासून धरणाच्या परिसरात जमिनीतून सुरुंगासारखे आवाज व धक्के जाणवू लागले आणि १९६३ च्या मध्यापासून त्यांचे प्रमाण बरेच वाढले. पुण्याचे भूकंपलेखन केंद्र येथून सु. १२० कि.मी. दूर असल्याने त्यावरून या लहान धक्क्यांची स्थाने ठरविणे शक्य नव्हते. म्हणून खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्राने १९६३–६४ च्या सुमारास कोयनानगर, गोवळकोट, सातारा व महाबळेश्वर येथे भूकंपलेखन केंद्रे उभारली.

येथून धक्क्यांची गणना सुरू झाली, आणि तिच्याबरोबरच एक अडचणही सुरू झाली. भूकंपाच्या महत्तेत १ ने घट झाली की, तशा धक्क्यांची संख्या साधारणपणे दहा पट होते. महत्ता ही आलेखाच्या परमप्रसराच्या (हेलकाव्याच्या कमाल उंचीच्या) लॉगरिथमावरून ठरते. तेव्हा उपकरणाचे विवर्धन दहा पट वाढविले व जमीन तितकी शांत असली, तर त्याच जागी महत्तेने १ ने लहान असे धक्के दिसू लागतात आणि नोंदवहीतील आकडा दहा पट फुगतो. जमिनीत काहीही बदललेले नसते. ‘या वर्षी इतके हजार धक्के बसले’ या विधानाला ते कोणत्या महत्तेच्या वरचे धक्के आहेत हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही. वृत्तपत्रांतून हा तपशील सहसा गळतो आणि वाचकांच्या मनात उगाच भय अथवा उगाच निश्चिंतता निर्माण होते.

जलाशयामुळे भूकंप घडतात काय, या वादातही हाच मुद्दा पुढे आला. धरणापूर्वी या भागात भूकंप होत नव्हते असे म्हणताच, त्या काळी ते टिपणारी उपकरणेच जवळ नव्हती असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. मिल्न यांच्या उपकरणाचे मौन हा पुरावा होऊ शकत नाही. परंतु १९६२–६३ चे धक्के प्रथम उपकरणांनी शोधलेले नाहीत, ते लोकांच्या पायांना व कानांना कळले होते. मनुष्याच्या संवेदनेचे विवर्धन धरणामुळे बदललेले नाही. शिवाय पुढील काळात हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी इ. संशोधकांनी जलाशयातील पाण्याची पातळी व धक्के यांचा जो संबंध दाखविला, त्यात ठराविक महत्तेच्या वरचेच, म्हणजे कोणत्याही वर्षीच्या उपकरणाला दिसलेच असते असे धक्के विचारात घेता येतात. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धरणे व भूकंप या विषयावरील ग्रंथात कोयनेला मध्यवर्ती स्थान आहे. लाभाचा प्रश्न अशा रीतीने बाजूला काढल्यावरही जलाशयाचा संबंध टिकून राहतो. कोयनेचा भूकंप हा जलाशयाने चेतविलेला भूकंप होय, हे मत आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

ट्रँझिस्टरचा लाभ : विद्युत् संकेताचे विवर्धन करणारी त्रिप्रस्थ निर्वात नलिका ली द फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये शोधून काढली. परंतु तिला तापलेला तंतू व शंभर-दोनशे व्होल्टचा पुरवठा लागत असे. डोंगरातील वीज नसलेल्या केंद्रावर ती महिनाभर चालविणे मोठे जिकिरीचे होते. अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत जॉन बारडीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी १६ डिसेंबर १९४७ रोजी जर्मेनियमच्या तुकड्यावर दोन सुवर्णस्पर्श टेकवून पहिला ट्रँझिस्टर चालविला. त्या दिवशी दाब-लाभ सु. १५ व शक्ति-लाभ केवळ १·३ मिळाला. एका आठवड्यानंतरच्या प्रात्यक्षिकात शक्ति-लाभ सु. १८ पर्यंत गेला होता. दाब-लाभ व शक्ति-लाभ या दोन संख्यांतील फरक येथे चांगला दिसतो. दाब पंधरा पट होऊनही प्रत्यक्ष शक्ती फारशी वाढलेली नसू शकते आणि लेखणी हलवावयाची तर शक्ती लागते. विल्यम शॉक्ली यांनी पुढील वर्षी संधि-ट्रँझिस्टराची उपपत्ती मांडली. तोच प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाला. भारतात बंगलोर (आताचे बंगळूरु) येथील भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये जर्मेनियम अर्धसंवाहक साधनांचे उत्पादन १९६२ मध्ये सुरू झाले. कोयनेची पहिली जनित्रेही त्याच वर्षी फिरू लागली, हा केवळ योगायोग.

समाईक उत्सर्जक मंडलात ट्रँझिस्टरच्या आधारकाला (मधल्या अग्राला) संकेत दिला जातो व संग्राहकाला जोडलेल्या रोधावर तो मोठा होऊन मिळतो. उत्सर्जक संधीचा संकेतापुरता रोध हा सामान्य तापमानास २५ मिलिव्होल्ट भागिले उत्सर्जक प्रवाह इतका असतो. म्हणजे १ मिलिअँपिअर प्रवाहास तो २५ ओहम होतो. संग्राहकातील रोध २,५०० ओहम घेतला, तर दाब-लाभ सु. १०० येतो. अशा तीन पायऱ्या एकापुढे एक जोडल्यास लाभ दहा लक्ष होईल. अभियंते तो डेसिबेलमध्ये सांगतात. दाबातील दर दहा पटीला २० डेसिबेल या हिशेबाने हा लाभ १२० डेसिबेल झाला.

कागदावर इतके सोपे दिसणारे हे गणित भूकंपलेखनाच्या कामी चार ठिकाणी अडते.

पहिली अडचण म्हणजे हा लाभ स्थिर नसतो. वरील रीतीने काढलेला लाभ प्रवाहाच्या प्रमाणात बदलतो. विद्युत् घटमाला उतरून प्रवाह एक पंचमांशाने कमी झाला, तर लाभही तितकाच कमी होतो आणि भूकंपाची महत्ता सु. ०·१ ने कमी मोजली जाते. तापमान २७° से. वरून ३७° से. वर गेले, तरी लाभात सु. ३ टक्के फरक पडतो. जुन्या जर्मेनियम ट्रँझिस्टरांतील गळतीचा प्रवाह तर तापमानाच्या दर आठ-दहा अंशांना दुप्पट होई. यावरचा उपाय ट्रँझिस्टरच्या आधीच सापडलेला होता. दूरध्वनीच्या लांब मार्गांवरील विवर्धकांसाठी हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ऋण पुनःप्रदायाची (प्रदानाचा काही अंश उलट दिशेने आदानाकडे परत देण्याची) कल्पना मांडली. मूळ लाभ १०,००० असून प्रदानाचा शंभरावा भाग परत दिला, तर एकूण लाभ ९९ राहतो. मूळ लाभ निम्म्याने घटून ५,००० झाला, तरी एकूण लाभ ९८ च्या खाली जात नाही. शंभर पट लाभ गमावून जवळजवळ अचल असा लाभ विकत घेतला, असा हा सौदा आहे. मोजमापाच्या उपकरणाला तो अतिशय किफायतशीर पडतो. समाईक उत्सर्जक मंडलात उत्सर्जकाला एक लहान रोध जोडला की, हाच परिणाम घडतो. वरील उदाहरणात २५० ओहमचा रोध घातल्यास लाभ १०० वरून ९ च्या आसपास येतो. मात्र त्यानंतर तो मुख्यतः दोन रोधांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहतो, घटमालेच्या वयावर नव्हे.

दुसरी अडचण कंप्रतेची (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येची). रेडिओतील विवर्धकाला सेकंदाला हजारो कंपने हाताळावयाची असतात, तर भूकंपाचे संकेत सेकंदाला एक-दोन ते पंधरा-वीस कंपनांचे, दूरच्या भूकंपांत तर त्याहूनही मंद असतात. इतक्या खालच्या कंप्रतांना अर्धसंवाहकाचा स्वतःचा गोंगाट (यादृच्छिक चढउतार) वाढतो. पायऱ्यांमधील एकदिश दाब अडविण्यासाठी धारित्र घालावे, तर दहा हजार ओहम आदान रोधाला ०·१ हर्ट्झपर्यंत मार्ग मोकळा ठेवण्यासाठी सु. १६० मायक्रोफॅराडचे धारित्र लागते. एवढी मोठी विद्युत् विच्छेद्य धारित्रे थोडी गळतात. धारित्र न घालता पायऱ्या थेट जोडाव्यात, तर तापमानामुळे आधारकाच्या दाबात होणारी दर अंशाला सु. २ मिलिव्होल्टची मंद सरकच शेकडो-हजारो पटींनी वाढून शेवटची पायरी संपृक्त करून टाकते. कोयनानगरला वर्षाकाठी सु. ५,००० मिमी. पाऊस पडतो. अशा दमट हवेत मोठ्या रोधाची मंडले कोरडी ठेवणे हीच एक स्वतंत्र कला आहे.

तिसरी गोष्ट अडचणीपेक्षा सापळ्यासारखी आहे. समाईक उत्सर्जक मंडल संकेत मोठा करते, तसाच तो उलटाही करते. आदान वर गेले की, प्रदान खाली जाते. संगीत ऐकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. भूकंपवैज्ञानिकाला मात्र पहिला हेलकावा वरच्या दिशेचा होता की खालच्या, हेच सर्वांत मोलाचे असते, कारण निरनिराळ्या केंद्रांवरील पहिल्या हेलकाव्यांच्या दिशांवरून खडक कोणत्या बाजूला सरकला हे ठरवितात. १९६७ च्या कोयना भूकंपात प्रस्तरभंग साधारण उत्तर-ईशान्य दिशेने जात असून त्यावर डावीकडे आडवी सरक झाली, हा निष्कर्ष अशाच प्रकारच्या निरीक्षणांशी जुळतो. विवर्धकात पायऱ्या विषम असतील किंवा दुरुस्तीनंतर वेटोळ्याच्या तारांची अदलाबदल झाली असेल आणि त्याची नोंद ठेवलेली नसेल, तर चांगला दिसणारा आलेख अगदी उलट साक्ष देतो. म्हणून लंबकाला ज्ञात दिशेने हलकासा ठोका देऊन लेखणी कोणीकडे जाते हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

चौथी अडचण गोंगाटाची. ५,००० ओहमच्या वेटोळ्यात केवळ उष्णतेमुळे, १० हर्ट्झच्या कंप्रतापट्ट्यात, सु. ०·०३ मायक्रोव्होल्ट इतका दाब सतत खळबळत असतो. त्यात पहिल्या ट्रँझिस्टरचा गोंगाट मिळतो व पुढील सर्व पायऱ्या या दोहोंना संकेतासारखेच वाढवितात. पण बहुतेक ठिकाणी यापेक्षा जमिनीचा स्वतःचा गोंगाट मोठा असतो. कोयनानगर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सु. ६० कि.मी. अंतरावर आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की, काही सेकंद आवर्तकालाचे सूक्ष्मकंप सबंध किनाऱ्यालगतच्या प्रदेशात वाढतात. सांडव्यावरून कोसळणारे पाणी, यंत्रे व वाहने यांची भर वेगळीच. लाभ वाढविल्याने यांतील काहीच कमी होत नाही. जे जमिनीत नाही ते विवर्धक दाखवू शकत नाही आणि जे नको आहे तेही तो तितक्याच इमानाने वाढवितो.

११ डिसेंबर १९६७ : १३ सप्टेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात पाचाहून अधिक महत्तेचा धक्का बसला. त्यानंतर ११ डिसेंबर रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६·३ महत्तेचा मुख्य भूकंप झाला. त्यात सु. १८० ते २०० माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली अगर निकामी झाली आणि वीजनिर्मिती बंद पडल्याने मुंबईपर्यंत त्याचा परिणाम जाणवला.

अशा क्षणी जास्त लाभाच्या उपकरणाचे काय होते, हे एका हिशेबावरून कळेल. नेहमीच्या एखाद्या भूकंपमापकात जमिनीच्या दर सेकंदाला १ मी. वेगास १०० व्होल्ट या प्रमाणात दाब निर्माण होतो असे धरू. सेकंदाला १ मायक्रोमीटर इतक्या वेगाच्या लहान धक्क्यास १०० मायक्रोव्होल्ट मिळतील. दाब-लाभ १०,००० असेल, तर प्रदान १ व्होल्ट होईल व लेखणी व्यवस्थित हलेल. घटमाला ६ व्होल्टची असल्यास सेकंदाला ६ मायक्रोमीटर वेगापुढे मात्र आलेखाची शिखरे सपाट छाटली जातील. आता गुरुत्वीय प्रवेगाच्या निम्मा प्रवेग व ५ हर्ट्झ कंप्रता धरल्यास जमिनीचा वेग सेकंदाला १५ सेंमी.च्या आसपास येतो. वेटोळ्यातच १५ व्होल्ट निर्माण व्हावयाचे. म्हणजे लाभ १ ठेवला, तरी तो विवर्धक हा धक्का दाखवू शकणार नाही, आणि तोवर लंबक अडसरावर आदळलेला असेल तो निराळाच. महत्ता १ ते ६·३ या मर्यादेत परमप्रसराचे गुणोत्तर सु. दोन लक्ष पट होते, तर कागदावरील रेघेची जाडी व कागदाची रुंदी यांचे गुणोत्तर दोनशेच्या घरात असते. एकाच लाभाने दोन्ही टोके पकडणे कागदावर शक्यच नाही.

कोयनेचा मुख्य धक्का टिपला तो धरणाच्या १-अ या खंडातील तळाकडील बोगद्यात बसविलेल्या एआर-२४० जातीच्या प्रवेगलेखकाने. या उपकरणात ट्रँझिस्टर विवर्धक नव्हता. ताठ स्प्रिंगवरील लहान वस्तुमान, त्यावरील आरसा, प्रकाशकिरण व छायाचित्रण कागद एवढेच त्याचे साहित्य. ते एरवी झोपलेले असते व जोराचा हेलकावा बसताच आपोआप सुरू होते. लहान धक्क्यांची ते दखलही घेत नाही. या आलेखात धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. ०·६३ पट, नदीप्रवाहाच्या दिशेने सु. ०·४९ पट व ऊर्ध्व दिशेने सु. ०·३४ पट इतका कमाल प्रवेग आढळला. धरणाचा अभिकल्प (आराखडा) त्या काळच्या प्रथेनुसार ०·०५ हा भूकंप गुणांक धरून केलेला होता.

या काही सेकंदांच्या आलेखाला जगभर जे महत्त्व आले, ते सहजासहजी लक्षात येत नाही. भूकंपानंतर धरणाच्या न-सांडव्याच्या खंडांत, अधोबाजूचा उतार जेथे बदलतो त्या पातळीच्या आसपास भेगा आढळल्या. भेगा कोठे पडल्या हे ठाऊक होते व धरणाच्या पायथ्याशी जमीन कशी हलली याचाही आलेख उपलब्ध होता. कारण व परिणाम या दोहोंची अशी जोडी काँक्रीटच्या मोठ्या धरणाबाबत तोवर फारच दुर्मिळ होती. कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या वर्षांत हा आलेख गणकयंत्राला देऊन खंडातील प्रतिबले काढली. पायथ्याचा हेलकावा वर जाताना धरणाच्या स्वतःच्या सु. ०·३३ सेकंद आवर्तकालाच्या कंपनामुळे वाढतो व उताराच्या त्या मोडीपाशी ताण काँक्रीटला न पेलण्याइतका होतो, असे दिसून आले. धरण हेही एका अर्थी विवर्धकच, पण त्याचा लाभ कोणी खुंटीने ठरविलेला नसतो. कोयनेचे न-सांडव्याचे खंड पुढे आधारभिंती बांधून बळकट करण्यात आले. कोयनेचा हा आलेख अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत व धरणांच्या गणिती तपासणीत आजही नमुना म्हणून वापरला जातो. कमी विवर्धनाचे, वर्षानुवर्षे मुकाट पडून राहणारे उपकरण योग्य जागी ठेवल्यामुळे हे घडले. ज्यांनी त्यासाठी आधी खर्च मंजूर करून घेतला, त्यांच्या दूरदृष्टीची नोंद क्वचितच घेतली जाते.

त्यानंतरचा काळ : १९६७ नंतर कोयनेच्या परिसरातील केंद्रांची संख्या वाढत गेली. केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्राबरोबर नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) व हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनीही येथे भूकंपलेखनाचे काम केले. ट्रँझिस्टर व पुढे संकलित मंडलांचे विवर्धक असलेले, घटमालेवर चालणारे सुवाह्य भूकंपलेखक हे या काळाचे वैशिष्ट्य होय. काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या दंडगोलावर त्यांची लेखणी पांढरी रेघ ओढी. त्यांवर लाभाची खुंटी ६ डेसिबेलच्या, म्हणजे दुपटीच्या पायऱ्यांनी फिरे. कागद बदलताना त्या दिवशीची पायरी कागदावरच लिहून ठेवणे हा निरीक्षकाच्या कामाचा पहिला नियम असे. एक पायरी चुकीची लिहिली गेली, तर महत्तेत ०·३ ची चूक होते. पावसाळ्यात लाभ एकदोन पायऱ्या खाली आणावा लागला, तर जून ते सप्टेंबरमधील लहान धक्के नोंदवहीतून आपोआप गळणार. जलाशय भरण्याचा काळही नेमका तोच असल्याने, पाण्याची पातळी व धक्क्यांची संख्या यांचा संबंध तपासताना हे ध्यानात न घेणाऱ्यांची फसगत होऊ शकते.

लाभाविषयीची चूक किती काळ लपून राहू शकते, याचे उत्तम उदाहरण परदेशातील आहे. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये स्थानिक महत्तेचे मापप्रमाण वुड-अँडरसन भूकंपलेखकावर आधारले. शंभर कि.मी. अंतरावर या उपकरणाच्या आलेखात १ मिमी. परमप्रसर आला, तर महत्ता ३ समजावी, अशी त्यांची व्याख्या होती. या उपकरणाचे विवर्धन २,८०० समजले जाई. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात काळजीपूर्वक मोजणी केल्यावर ते २,०८० च्या आसपास असल्याचे आढळले. अर्धशतकाहून अधिक काळ जगभर वापरलेल्या या आकड्यातील चूक महत्तेत सु. ०·१३ इतकी होते. प्रत्यक्ष वुड-अँडरसन उपकरण वापरणाऱ्यांचे यात काही बिघडले नाही. अन्य उपकरणांच्या नोंदी गणिताने त्याच्या तोलाच्या करणाऱ्यांना मात्र आपले हिशेब पुन्हा तपासावे लागले. कोयनेसारख्या ठिकाणी, जेथे दशकानुदशके निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या उपकरणांनी घेतलेल्या नोंदी एकत्र करावयाच्या असतात, तेथे हा प्रश्न आजही जिवंत आहे.

१९८५ पासून दक्षिणेकडील वारणा जलाशयात पाणी साठू लागले व १९९३–९४ मध्ये त्या बाजूला पाचाच्या वरच्या महत्तेचे धक्के बसले. कोयना-वारणा प्रदेशात १९६७ पासून पाच व त्याहून अधिक महत्तेचे वीसाहून अधिक धक्के नोंदले गेले आहेत. २००५ पासून राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे अंकीय जाळे येथे कार्यरत झाले. अंकीय लेखनात संकेत २४ द्विमान अंकांत मोजला जात असल्याने सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या वाचनांचे गुणोत्तर ऐंशी लाखांच्या वर जाते. कागदावरच्या दोनशे पटींशी याची तुलना केली असता, खुंटीची पायरी रोज ठरविण्याची गरज का संपली हे कळते. तथापि विवर्धक नाहीसा झालेला नाही. अंकीकरण करणाऱ्या घटकाच्या आधी कमी व अचूक लाभाची, भरपूर पुनःप्रदाय असलेली पायरी असतेच. चार महत्तेच्या आसपासच्या काही धक्क्यांपूर्वी अगदी लहान धक्क्यांचे पुंजके दिसतात आणि त्यांवरून अल्पमुदतीचा अंदाज करता येईल काय, याचा अभ्यास येथे झाला. तो या लहान धक्क्यांच्या नोंदी सलग व एकाच मापाने मिळू लागल्यामुळेच शक्य झाला.

याहून लहान धक्के पाहण्यासाठी आता लाभ वाढविण्याऐवजी गोंगाटापासून दूर जाण्याचा मार्ग अवलंबिला गेला आहे. कोयना-वारणा भागात शास्त्रीय वेधनाच्या योजनेत सु. १,५०० मी. खोलीपर्यंतची अनेक वेधनछिद्रे घेण्यात आली. त्यांतून दख्खनच्या बेसाल्टाची जाडी कोयनानगरजवळच्या रासाटी येथे सु. ९३० मी. असल्याचे कळले. त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागतो. यांपैकी काही छिद्रांत बेसाल्टाखालच्या खडकात भूकंपमापक उतरविण्यात आले. तेथे वाहने, पाऊस व वारा यांचा उपद्रव फारच कमी होतो आणि तोच विवर्धक पृष्ठभागावर जे दाखवू शकत नव्हता ते दाखवू लागतो. गोठणे येथील सु. ३,००० मी. खोलीचे पथदर्शी वेधन २०१७ मध्ये पूर्ण झाले. तेथे बेसाल्टाची जाडी सु. १,२५० मी. भरली. हे काम पुढे नेण्यासाठी भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ वेधनछिद्र भूभौतिकीची स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली आहे. [⟶ कोयना प्रकल्प, ट्रँझिस्टर तंत्रविद्या, भूकंप].